शनिवारचा जावई

नाइंग लिन परदेशी पाहुण्यांना देश दाखवायचं काम करायचा, आणि त्याच्या सासूबाईंच्या मते ते काम नव्हतंच.

दॉ यिन मे यांची यांगूनच्या थाकेता भागात मोहिंग्याची, म्हणजे माशांच्या रश्शातल्या शेवयांची, गाडी होती. पहाटे मांगूर मासे शिजवायचे, काटे वेचायचे, केळीचा गाभा चिरून रश्शात सोडायचा आणि उजाडायच्या आत ते भलंमोठं पातेलं कोपऱ्यावरच्या झाडाखाली नेऊन मांडायचं, ह्याला त्या काम म्हणत. "आणि आमचे जावईबापू," शेवयांवर रस्सा ओतता ओतता त्या गिऱ्हाइकांना सांगत, "गार हवेच्या बसमध्ये बसतात, हॉटेलात जेवतात, पॅगोड्यासमोर उभं राहून बोट दाखवतात आणि म्हणतात, हा पॅगोडा. अहो, एवढा सोन्याचा डोंगर! आंधळ्यालासुद्धा दिसेल. तो दाखवायला माणूस कशाला लागतो?"

नाइंग लिन हे ऐकून गप्प बसे. राहायला तो सासूच्याच घरात होता, सकाळी मोहिंगा तिच्याच हातचा खात होता, आणि तोंडात असा घास असताना भांडण करणं कोणालाही जड जाईल.

शिवाय तो शनिवारी जन्मलेला. शनिवारचं माणूस म्हणजे तापट, हट्टी, नांदत्या घराला आग लावणारं, हे दॉ यिन मे यांचं ठाम मत. लग्नाआधी त्यांनी तीन ज्योतिषी पालथे घातले होते. पहिल्या दोघांनी नकारार्थी मान हलवली. तिसरा "चालेल" म्हणाला, पण तेही मुलीने त्याला आधीच जाऊन गाठलं होतं म्हणून, असा त्यांचा संशय होता. प्रत्यक्षात नाइंग लिन इतका थंड होता, की डास चावला तर डासाचं पोट भरेपर्यंत हात हलवायचा नाही. पण सासूबाईंचं म्हणणं, आग आत असते, ती कधीतरी दिसतेच.

ज्या वर्षांत परदेशी पाहुण्यांची देशात झुंबड उडाली होती, त्यातल्याच एका थंडीतली ही गोष्ट. नाइंग लिन विद्यापीठात जर्मन शिकलेला, त्यामुळे जर्मन मंडळी त्याच्या वाट्याला यायची. त्या खेपेला एका बाईंचा निघण्याच्या आदल्या दिवशी पाय मोडला आणि बसमधली एक जागा, हॉटेलांतली एक खोली रिकामी राहिली. कंपनीचा मालक मोठ्या मनाने म्हणाला, "तुझ्या बायकोला घेऊन जा. बागान, मंडाले बघेल ती पण."

नाइंग लिन उड्या मारतच घरी आला. त्याची बायको झिन मा शाळेत शिकवायची. तिच्या मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या. तिने क्षणभर विचार केला आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम शांत, तृप्त भाव पसरला.

"आईला ने," ती म्हणाली.

"माझी आई कशी येईल? ती तिकडे मावलम्याइनला."

"तुझी नाही. माझी."

नाइंग लिनच्या उड्या थांबल्या. मग म्हणाला, "त्या गाडी सोडून यायच्याच नाहीत." ही त्याची एकच आशा होती. पण दुसऱ्या दिवशी दॉ यिन मे यांनी गाडी धाकट्या बहिणीच्या हवाली केली, नवी जांभळी लुंगी नेसल्या, केसांत फुलं माळली आणि पिशवी घेऊन दारात येऊन बसल्या. का येताहेत, हे त्यांनी सांगितलं नाही. विचारायची नाइंग लिनची छाती झाली नाही.

पहिली संध्याकाळ श्वेडगॉन पॅगोड्याची होती. जर्मन मंडळी अनवाणी, गरम संगमरवरावर जपून पावलं टाकत चालली होती. नाइंग लिन प्रत्येक वाराचा कोपरा दाखवत होता: सोमवारचा वाघ, मंगळवारचा सिंह, शनिवारचा नाग. ज्याने त्याने आपल्या वाराच्या मूर्तीवर पाणी घालायचं. पाहुण्यांना हे फार आवडलं आणि जो तो मोबाईलवर आपल्या जन्माचा वार शोधू लागला.

त्यांच्यात क्लाउस नावाचा एक निवृत्त इंजिनिअर होता. आयुष्यभर पूल बांधलेला, चकचकीत टकलाचा आणि सगळ्यांपेक्षा हातभर उंच. सोबत त्याची बायको इंगे, गोल, हसरी, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत. क्लाउसचा वार निघाला बुधवार.

"बुधवार सकाळ की बुधवार दुपार?" दॉ यिन मे यांनी विचारलं. बुधवारचे दोन भाग. सकाळचा सुळेवाला हत्ती, दुपारनंतरचा बिनसुळ्यांचा, राहूचा.

"त्यांना माहीत नाही, आई."

"माहीत नाही? म्हणजे एवढी वर्षं हा माणूस पाणी घालतोय तरी कुठे? ह्याचं लग्न कोणी जमवलं? आणि बायकोला सांग, ह्या वयात मांड्या उघड्या टाकून इथे आलीय, लाज नाही का वाटत?"

नाइंग लिन जर्मनमध्ये म्हणाला, "सासूबाई म्हणतात, आपण शोधून काढू. आणि इंगेबाईंना गारवा बाधत असेल, तर माझ्याकडे जास्तीची लुंगी आहे."

दॉ यिन मे यांनी डोळे बारीक केले. "मी इतकं बोलले, आणि तू एवढंसंच सांगितलंस?"

"जर्मन भाषा आटोपशीर असते, आई."

क्लाउसला कोणताही प्रश्न अर्धवट सोडवत नसे. त्याने तिथेच, राहूच्या कोपऱ्यासमोर, थोरल्या बहिणीला जर्मनीत फोन लावला. गेर्डा नव्वदीच्या घरात होती आणि तिला ऐकू कमी येत असल्यामुळे फोन मोठ्या आवाजात ठेवावा लागला.

"क्लाउस? तुला अटक झालीय का?"

"नाही गं. मी जन्मलो, तेव्हा सकाळ होती की दुपार?"

मग गेर्डा हळूच म्हणाली, "इंगेला फोन दे."

इंगेने तिची समजूत घातली. तेव्हा कुठे गेर्डाने सांगितलं, की दुपार होती. आईला कळा आल्या आणि चुलीवरचे बटाटे तसेच राहिले. "करपलेले बटाटे खाल्ले आम्ही त्या दिवशी. मी विसरलेली नाही, सांग त्याला."

नाइंग लिनने हे सगळं सांगताच दॉ यिन मे यांनी टाळी वाजवली. "राहू! अरे, माझाच वार!" त्यांनी क्लाउसचं मनगट धरलं, त्याला बिनसुळ्यांच्या हत्तीसमोर उभा केला आणि त्याच्याकडून वाटीवाटीने पाणी घालून घेतलं. त्या क्षणापासून तो त्यांचा माणूस झाला. बसमध्ये त्याच्या शेजारी बसायचं, चिंचेच्या वड्या त्याला द्यायच्या, आणि पुढे माईक घेऊन बोलणाऱ्या जावयाकडे बोट दाखवून "शनिवार" म्हणून मान हलवायची. क्लाउसही समजल्यासारखी मान हलवायचा.

बागानला पोचल्यावर क्लाउसने हौसेने लुंगी घेतली आणि गाठ स्वतःच मारली. पूल टिकले होते. ही गाठ टिकली नाही. आनंदा मंदिरात, उंच सोनेरी बुद्धमूर्तीसमोर फोटो काढायला त्याने दोन्ही हात वर केले आणि लुंगी सुळकन निसटली. ती जमिनीवर पडायच्या आत दॉ यिन मे यांनी झडप घालून धरली.

"हात वर! पोट आत!" त्यांनी फर्मावलं. नाइंग लिनला भाषांतर करायचीही गरज पडली नाही. त्यांनी दोन हिसक्यांत गाठ अशी घट्ट बसवली, की क्लाउसच्या तोंडून बारीक आवाज निघाला. इंगे हसता हसता खांबाला टेकून खालीच बसली.

"ह्यांची पण अशीच सुटायची," दॉ यिन मे गाठ खोचत म्हणाल्या. "लग्नात, पंगतीत, एकदा तर भिक्षूंना भात वाढताना. मग मीच बांधायची."

नाइंग लिन चमकला. सासरे ऊ हान त्याच्या लग्नाआधीच वारले होते, आणि सासूबाईंच्या तोंडून त्याने त्यांच्याबद्दल एक अक्षर कधी ऐकलं नव्हतं.

"दर थंडीत म्हणायचे, औंदा मंडालेला जाऊ, तिथल्या महामुनी बुद्धमूर्तीला सोन्याचं पान लावू. आणि दर थंडीत मीच म्हणायची, गाडी कोण बघणार?" त्या थोडा वेळ मूर्तीकडे बघत राहिल्या. मग जावयाकडे वळल्या. "ह्याचं भाषांतर करायचं नाही."

"नाही, आई."

"आटोपशीरसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंगेचं पोट बिघडलं. बाजारात दॉ यिन मे यांनी आग्रह करकरून तिला मुरवलेल्या चहापत्तीची कोशिंबीर खाऊ घातली होती, कच्च्या लसणासकट. नाइंग लिनने डॉक्टर बोलावला. हॉटेलच्या आचाऱ्याला तांदळाची पेज माहीत होती, पण ती बिनमिठाची द्यायची हे त्याला पटेना. तेव्हा नाइंग लिनने स्वतः स्वयंपाकघरात उभं राहून ती करून घेतली. बाकीच्यांना नदीवर होडीत बसवलं. एकाला शेंगदाणे चालत नव्हते, एकीची टोपी पाण्यात गेली, एकाला घोडागाडीचा घोडा दुःखी दिसत होता आणि त्याबद्दल कोणाशी तरी बोलायचं होतं. घोड्याच्या मालकाशी नाइंग लिन बोलला. घोडा म्हातारा आहे, दुःखी नाही, असं ठरलं.

दॉ यिन मे व्हरांड्यात बसून हे सारं बघत होत्या. तो चौथ्यांदा समोरून पळाला, तेव्हा त्यांनी हाक मारली. "जेवलास का?"

"बघतो, आई."

"बघतो म्हणजे काय? जेवण काय पॅगोडा आहे बघायला?"

पण तो तोवर पेजेची वाटी घेऊन जिना चढत होता.

मंडालेला पहिल्याच दिवशी सोनं कुटणाऱ्यांच्या गल्लीत मंडळी गेली. उघडी पाठ घामाने चमकणारे गडी हातोड्यांनी सोनं कुटत होते, आणि आतल्या खोलीत, वाऱ्याचा एक झोतही येऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून, बायका ते पातळ सोनं चौकोनी कागदांत भरत होत्या. दॉ यिन मे यांनी सोन्याची दोन पानं घेतली. एक ऊ हान यांच्या नावाचं, एक स्वतःच्या. ती रुमालात गुंडाळून त्यांनी पोलक्याच्या आत ठेवली आणि संध्याकाळपर्यंत त्या अशा ताठ चालत होत्या, जणू छातीवर अंडं ठेवलंय.

महामुनीच्या मूर्तीपाशी फक्त पुरुषांना जाता येतं. बायकांनी समोर, जरा अंतरावर बसायचं, आणि आत काय चाललंय ते पडद्यावर बघायचं. त्यामुळे सोनं लावायला दॉ यिन मे यांना कोणातरी पुरुषाचे हात हवे होते. नाइंग लिनला हे ठाऊक होतं. रात्रभर त्याने मनात तयारी केली होती: सकाळी आंघोळ, स्वच्छ सदरा, नवी लुंगी. सासूबाई मागतील, आपण दोन्ही हात पुढे करायचे आणि काही बोलायचं नाही.

सासूबाईंनी रुमाल सोडला, एक पान काढलं, दोन्ही हातांवर ठेवलं आणि क्लाउसपुढे धरलं.

"सांग ह्याला," त्या जावयाला म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या नावाने लाव म्हणावं. मूर्तीच्या गुडघ्यावर. राहूचा माणूस आहे, हात चांगला आहे त्याचा."

नाइंग लिनने सांगितलं. आवाजात काही जाणवू दिलं नाही. क्लाउसचे डोळे पाणावले. त्याने कमरेत वाकून ते पान घेतलं आणि पुरुषांच्या रांगेत गेला. नाइंग लिन बायकांच्या बाजूला थांबला. आपण इथे इंगे आणि बाकीच्या बायकांना माहिती देतोय, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि मूर्तीच्या मुकुटाबद्दल बोलू लागला. इंगेने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच त्याच्या दंडावर थोपटलं.

पडद्यावर क्लाउस दिसला. मूर्तीच्या चौथऱ्यावर बाकीची माणसं त्याच्या काखेखालून ये-जा करत होती. तो थांबला. लोकांनी वर्षानुवर्षं लावलेल्या सोन्याचे मूर्तीवर जाड गोळे झाले होते, आणि इंजिनिअरला राहवलं नाही. त्याने एका गोळ्यावर बोटाने टकटक करून पाहिलं.

"अरे, दार वाजवतोयस का!" दॉ यिन मे पडद्यावर ओरडल्या.

भोवतालच्या बायका वळल्या. गालांवर तनाखाचा, चंदनासारख्या उटीचा, लेप लावलेली एक जाडजूड बाई सरकत जवळ आली. "मावशी, तो उंच तुमचा कोण?"

"माझ्या वाराचा आहे."

पडद्यावर क्लाउसने कागद उघडला. त्याचा हात वर वर, मूर्तीच्या गळ्याच्याही वर जाऊ लागला. "खाली! खाली! चेहऱ्याला नाही!" आता सहा-सात बायका एका सुरात ओरडत होत्या. त्या ओरडण्याचा आत पत्ताही नव्हता, पण रखवालदाराने वेळेवर क्लाउसचा हात धरून खाली आणला. क्लाउस माफी मागायला त्याच्याकडे वळला, आणि बोलला. ते सोनं श्वासानेही उडतं. जर्मन माफी त्याला कुठून सोसणार? पान कागदावरून उचललं गेलं, हवेत एक गिरकी घेतली आणि अलगद क्लाउसच्या घामेजल्या टकलावर बसलं.

क्लाउस ते खाली शोधत होता. मग वर. मग शेजारच्या माणसाच्या पाठीवर. सगळी रांग हसत होती. शेवटी कोणीतरी डोक्याकडे खूण केली, त्याने हात फिरवला, आणि होतं नव्हतं ते सोनं टकलावर नीट पसरलं.

बायकांचा सभामंडप हसून हसून लोळत होता. दॉ यिन मे मात्र हसत नव्हत्या. "गेलं," त्या म्हणाल्या. "ह्यांचं पुण्य जर्मनीला गेलं."

तनाखावाल्या बाईने डोळे पुसले. "मावशी, आणि हा शेजारी उभा आहे तो कोण?"

"तो? जावई."

"अगंबाई! घरचा पुरुष असताना परक्याला कशाला पाठवलंत?"

दॉ यिन मे रुमालाची गाठ उलगडत बसल्या. "त्याचं काम चाललंय," त्या पुटपुटल्या. "आणि शनिवारचा आहे."

नाइंग लिन मुकुटाबद्दलच्या वाक्याच्या मधोमध थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "आई, शनिवारचा असलो तरी हात आहेत मला! दोन आहेत! चार वर्षं घरात राहतोय, एकदा तरी सांगा ना, नाइंग, हे कर म्हणून!"

साऱ्या बायकांनी त्याच्याकडे माना वळवल्या. पडदासुद्धा क्षणभर थांबल्यासारखा वाटला. नाइंग लिनचे कान लाल झाले. हे आपणच बोललो का, ते त्याला कळेना.

दॉ यिन मे यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. त्या तनाखावाल्या बाईकडे वळल्या. "बघितलंत? मी म्हणत होते ना, तापट आहे!"

मग त्यांनी रुमालातलं दुसरं पान काढलं. ते त्यांच्या स्वतःच्या नावाचं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांवर धरून जावयापुढे केलं. "घे. त्यांच्या नावाने लाव. उजव्या गुडघ्यावर. तोच दुखायचा त्यांचा, रात्री झोप नसायची. आणि श्वास धरून ठेव."

त्याने इतका श्वास धरून ठेवला, की चौथऱ्यावर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. ऊ हान यांना त्याने फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं. पातळ मिशा, घाबरट हसू. त्याला वाटलं, ह्या माणसाला आपण आवडलो असतो. सासूबाईंच्या घरात आपण दोघं मिळून गप्प बसलो असतो. त्याने पान मूर्तीच्या गुडघ्यावर टेकवलं आणि अंगठ्याने हलकेच दाबत राहिला, दुखऱ्या गुडघ्याला दाबतात तसा. मग श्वास सोडला. सोनं हललं नाही.

बाहेर आला तर सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. शेजारी चमकत्या डोक्याचा क्लाउस, खांदे पाडून.

"मी उजवा म्हटलं होतं."

"उजव्यालाच लावलं, आई."

"पडद्यावर डाव्या हाताला दिसलं."

"तुम्ही समोरून बघताय ना. मूर्तीचा उजवा तो तुमच्या डाव्या हाताला येणार."

त्या ऐकेनात. क्लाउसला वाद कळला आणि तो हिरिरीने मध्ये पडला. तो जमिनीवर मांडी घालून बसला, आधी तोंड इकडे, मग तोंड तिकडे, आणि दोन्ही वेळा उजवा गुडघा थोपटून दाखवला. दॉ यिन मे त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्या त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी आपला उजवा हात सरळ पुढे नेला, तेल चोळायला नेतात तसा. तो क्लाउसच्या डाव्या गुडघ्यापाशी जाऊन थांबला.

"मी अशी समोर बसून चोळायची," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणजे माझ्या उजव्या हाताचा तो... म्हणजे त्यांचा..." त्यांनी बोटं मोजल्यासारखी हलवली. "अरे देवा. इतकी वर्षं चोळला, आणि कुठला ते आता सांगता येत नाही."

इंगेने न समजताच त्यांचा हात हातात घेतला.

"असू दे," दॉ यिन मे अखेर म्हणाल्या आणि नाइंग लिनच्या दंडाला धरून उठल्या. "दोन्ही दुखायचे त्यांचे. एकाला तरी आराम पडेल."

दुपारी मंडळी जेवायला बसली. क्लाउसने डोकं धुवायला साफ नकार दिला होता आणि वाढपी त्याला वाकून वाकून नमस्कार करत होते. रीतीप्रमाणे पहिला तुकडा वडीलधाऱ्यांच्या ताटात वाढायचा. नाइंग लिनने वाडग्यातून कोंबडीचा चांगलासा तुकडा उचलला आणि सासूबाईंच्या भातावर ठेवला. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी शेंगदाण्यांबद्दल विचारलं म्हणून तो उठू लागला.

"बस," दॉ यिन मे म्हणाल्या.

"आई, त्यांना शेंगदाणे..."

"मरत नाहीत ते. माझा वारवाला बघेल." त्यांनी क्लाउसला तिकडे जायची खूण केली, सोनेरी डोक्याचा क्लाउस आज्ञाधारकपणे निघाला. मग त्यांनी आपल्या भातावरचा तोच तुकडा उचलून जावयाच्या ताटात ठेवला आणि रीत मोडल्याचं कोणी बघितलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"जेव गरम आहे तोवर," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या थंडीत तुझ्या आईला आण मावलम्याइनहून. तिचा कुठला गुडघा दुखतो, ते मात्र आधी नीट विचारून ठेव."